शॉकअपला वायर आली, आता पाना कुठून लावू?

मागच्या अंकात इलेक्ट्रॉनिक शॉकअपवर, म्हणजे ज्यांचा कडक-मऊपणा विजेने बदलतो त्यांच्यावर, अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि कुणी शॉकअप म्हणतं, कुणी शॉकर, कुणी डँपर, मीसुद्धा खाली तोंडात येईल ते लिहिणारे, वस्तू एकच आहे, त्यावरून पत्रं पाठवू नका.

प्रश्न: माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. सध्या साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच संच) आहेत, वरचा नॉब हाताने फिरवून कडक-मऊ करायचे. वळणात गाडी फार कलते म्हणून बटणावर कडक होणारे इलेक्ट्रॉनिक डँपर टाकायचं ठरवलंय. तीन-चार प्रकार दिसतात, कुठला घेऊ?

उत्तर: प्रकार नंतर बघू, आधी ते 'कलते म्हणून' बघू, कारण निम्म्या पत्रांत हेच आहे. लांबलचक वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की किती कलली हे डँपर ठरवतच नाही, ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कलणं रोखणारी दांडी) ठरवतात. डँपरचा जोर त्याच्या तेलातला पिस्टन हलतोय तोवरच, जितक्या वेगाने हलेल तितका जास्त, पिस्टन थांबला की जोर संपला. म्हणजे कडक केलेला डँपर गाडीला कमी कलवत नाही, हळू कलवतो. स्टेअरिंग वळवल्यापासून गाडी वळणात बसेपर्यंतचा जो जेमतेम सेकंद असतो ना, तो त्याच्या मालकीचा. तिथे फरक जबरदस्त जाणवतो हे खरं, नागमोडी रस्त्यावर डावीकडून उजवीकडे गाडी टाकताना तर फारच, म्हणूनच लोकांना वाटतं कलणं कमी झालं. तुमची तक्रार लांब वळणातली असेल तर आधी जरा जाड अँटी-रोल बार बघा, वायरिंगच्या भानगडीत पडायच्या आधी.

आता प्रकार. पहिला सगळ्यात साधा, तुमच्या नॉबच्या जागी छोटी स्टेपर मोटर बसते आणि आतून बटण दाबलं की ती नॉब फिरवते. टाइनचं ईडीएफसी हे याच जातीचं, त्याच्या नव्या आवृत्त्या वेग आणि जी-सेन्सर बघून आपोआपही फिरवतात. पण मोटरला फिरायला वेळ लागतो, त्यामुळे समोर आलेल्या प्रत्येक खड्ड्याला उत्तर द्यायचं काम तिचं नाही, ब्रेक दाबला, वेग वाढला, अशा गोष्टींपुरती ती ठीक. दुसरा सोलेनॉइड व्हॉल्व्हवाला, यात तेलाची वाट किती उघडी ठेवायची हे व्हॉल्व्हमधला करंट ठरवतो, व्हॉल्व्ह एकतर नळीच्या कुशीला बाहेर चिकटलेला असतो नाहीतर पिस्टनमध्येच, मग वायर पोकळ रॉडमधून वर येते. झेडएफ साक्सचं सीडीसी हे याचं घरोघरी पोचलेलं उदाहरण. तिसरा मॅग्नेटिक. यात तेलात लोखंडाचे अगदी बारीक कण असतात, पिस्टनमधल्या कॉइलला करंट दिला की कण रांगेत उभे राहतात आणि तेल दाट झाल्यासारखं वागतं, हलणारा व्हॉल्व्हच नाही, त्यामुळे काही मिलिसेकंदांत बदल होतो. पण तो बाहेरून आणून कुठल्याही गाडीला लावायचा प्रकार नाहीये, कंपनीने ज्या गाडीत दिला त्याच गाडीत तो शोभतो.

तुमच्या गाडीत कारखान्यातून इलेक्ट्रॉनिक काहीच आलेलं नाही, म्हणजे तुम्हाला स्वतःचा कंट्रोलर सोबत घेऊन येणारं किट लागेल. तुमचे सध्याचे कॉइलओव्हर चांगले असतील आणि त्यांच्यासाठी मोटर मिळत असेल तर मी तेवढंच करेन, बाकी सगळं तसंच. ज्यांच्या गाडीत मुळातच इलेक्ट्रॉनिक डँपर आहेत त्यांच्यासाठी बिलस्टाइनचे बी१६ डँपट्रॉनिक किंवा केडब्ल्यूचे डीडीसी प्लग अँड प्ले असे संच असतात, ते गाडीच्याच कनेक्टरला लागतात आणि डॅशबोर्डवरचं मूळ बटणच वापरतात. घेताना मॉडेल, वर्ष, कनेक्टर तिन्ही जुळतायत का बघा, 'बसेल हो' या शब्दावर जाऊ नका.

प्रश्न: किट आलंय, शनिवार-रविवार मोकळा आहे, मित्र मदतीला आहे. साधे शॉकअप आम्ही दोघांनी आधी बदललेत. यात वेगळं काय सांभाळायचं? क्रमाने सांगितलंत तर बरं.

उत्तर: क्रमाने सांगतो, पण मध्ये मध्ये भरकटेन.

पाना हातात घ्यायच्या आधी टेप घ्या. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, हे नंतर दोनदा लागणारे. कनेक्टर, वायरचे क्लिप, सेन्सरच्या दांड्या, सगळ्याचे फोटो काढा. मग इग्निशन बंद, किल्ली लांब, गाडीतले कंट्रोलर झोपी जायला काही मिनिटं द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. घाई करून चालू इग्निशनवर डँपरचा कनेक्टर उपटला की ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, लगेच फॉल्ट लिहून ठेवतो.

गाडी स्टँडवर, जॅकच्या भरवशावर नाही, हे सांगायला नको पण सांगतोच. चाक काढलं की आधी हाइट सेन्सरची (गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची) दांडी सोडवा. हे नव्वद टक्के लोक विसरतात, मग चाक धरणारा आर्म खाली लोंबला की सेन्सरचा हात उलटा फिरतो किंवा तुटतो आणि एवढ्याशा प्लॅस्टिकपायी रविवार जातो. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या (स्प्रिंगसकट शॉकअपच्या खांबावरच्या) ब्रॅकेटमधून मोकळी करा, कॅलिपर काढावा लागला तर तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळत नको. अँटी-रोल बारची लिंक सोडताना दोन्ही बाजूंची चाकं हवेत असू द्या, एकच बाजू उचललेली असली की बार पीळ धरून बसतो आणि बोल्ट निघता निघत नाही, मग हातोडी आली, मग शिव्या आल्या. कॅम्बरचे (चाकाचा आत-बाहेर तिरपेपणा ठरवणारे) बोल्ट असतील तर त्यांची जागा मार्करने आखून ठेवा.

जुन्या स्ट्रटवरची स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर चांगला वापरा, दोन्ही बाजू सारख्या दाबत जा, आणि तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका. दाबलेल्या स्प्रिंगचा अपघात हा खरचटण्याचा अपघात नसतो. मनात जरा जरी धाकधूक असेल तर एवढं एक काम बाहेरून करून घ्या, यात कमीपणा काही नाही.

आता वरचा नट, आणि इथे माझीच फजिती सांगतो. पहिल्यांदा असे डँपर बसवले तेव्हा सवयीने इम्पॅक्ट गन लावली, घर्रर्र, नट बसला, मी खूश. गनने नटाबरोबर अख्खा रॉडही गरागरा फिरवला होता आणि त्या रॉडच्या पोटातून वायर जात होती. ती आत पिळवटली. नवाकोरा डँपर, एक किलोमीटरही न धावता गेला. तेव्हा रॉडच्या टोकाला धरायला दिलेली जागा योग्य पान्याने धरून नट हाताने आवळायचा, आणि वायर वरून येणारी असेल तर मधे आरपार भोक असलेला सॉकेट लागतो, तो आधीच आणून ठेवा. रॉड पकडीने धरायचा नाही, चिंधी गुंडाळूनसुद्धा नाही, रॉडवर एक चरा पडला की तो प्रत्येक फेरीत सील कापत राहतो आणि महिन्याभरात तेल बाहेर. वरचं माउंट, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकतो तो रबराचा गोळा), धुळीचं रबर नवीनच घाला, सगळं उघडलेलंच आहे. मोनोट्यूब (एकाच नळीच्या) डँपरमध्ये गॅस वीसेक बार किंवा त्याहून जास्त दाबाने भरलेला असतो, म्हणून जुना डँपर टाकून देताना कुतूहलापोटी ड्रिल मारू नका.

वायरिंग. साधे शॉकअप बदललेल्या माणसाला नवीन आहे ते एवढंच, आणि किट बिघडतात तेही बहुतेक इथेच. डँपरची वायर चाकाबरोबर वर-खाली होते, पुढे तर चाकाबरोबर वळतेही, म्हणजे ती टेबलावर बघून बांधायची नाही. चाक पूर्ण खाली लोंबलेलं असताना स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत, मग खालून जॅकने चाक वर उचलून पुन्हा दोन्हीकडे. प्रत्येक वेळी हात घालून बघा वायर कुठे ताणली जातेय का, टायरला घासतेय का. मगच झिप टाय आवळा, तोही कचकचून नाही. एक्झॉस्टपासून लांब. बॉडीला जिथे भोकातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. कंट्रोलरचा पॉझिटिव्ह बॅटरीवरून घेणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या शेजारी लावा, कंट्रोलरच्या शेजारी नाही, कारण मधल्या वायरची साल निघून ती बॉडीला टेकली तर वाचवणारा फ्यूज तिच्या आधी असायला पाहिजे. अर्थिंग रंगावर करू नका, रंग खरवडून लख्ख पत्र्यावर. किटमध्ये बॉडीचे ॲक्सिलरेशन सेन्सर असतील तर त्यांच्यावरचा बाण सांगितलाय तिकडेच पाहिजे, उलटा लावला तर गाडी वर जातेय की खाली हेच त्याला उलटं कळतं.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट शेवटी. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करू नका. तसं केलं की बुश त्या लोंबलेल्या अवस्थेत पकडला जातो, गाडी खाली ठेवली की तो कायमचा पिळलेला राहतो, गाडी उगाच उंच बसते, कडक वाटते, आणि थोड्या दिवसांत रबर फाटतं. मग लोक म्हणतात नवीन शॉकअप फारच हार्ड आहेत हो. बोल्ट हाताने लावा, चाकांखाली जाड फळ्या किंवा रॅम्प घेऊन गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग टॉर्क रेंच. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला, मी देत नाही, गाडीगणिक वेगळा असतो. सेल्फ-लॉकिंग नट नवीन.

पुढे काही दिवस गाडी चालवा, स्प्रिंगा बसू द्या, पुन्हा टेप काढा, उंची जुळवा आणि त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. आधी अलाइनमेंट करून मग उंची बदललीत तर ते पैसे पाण्यात, कारण उंचीबरोबर कॅम्बर आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) दोन्ही हलतात. गाडी खाली घेतली असेल तर हाइट सेन्सरचं कॅलिब्रेशनही लागतं, आणि बऱ्याच गाड्यांत हेडलाइटची आपोआप होणारी लेव्हल त्याच सेन्सरवर चालते, तेव्हा रात्री समोरचे लोक डिपर मारायला लागले तर दोष त्यांचा नाही.

प्रश्न: बसवून झालं, गाडी चालू केली तर सस्पेन्शनचा दिवा लागला. डँपर खराब निघाला का?

उत्तर: बहुतेक नाही. आधी बॅटरी बघा, दोन दिवस निगेटिव्ह काढून दरवाजे उघडे टाकून काम केलं असेल तर ती अर्धमेली असते आणि कमी व्होल्टेजवर चेसिसचे कंट्रोलर वाट्टेल त्या तक्रारी करतात. मग स्कॅनर लावून कोड वाचा, जुने साठलेले पुसा, परत कुठला येतो ते बघा. एकाच चाकाचा येत असेल तर कनेक्टर काढून मल्टिमीटरने कॉइल मोजा, व्हॉल्व्हवाल्या डँपरमध्ये साधारण थोडेच ओम दिसतात, पण आकड्यापेक्षा त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या बाजूशी तुलना करा. अनंत दाखवलं तर वायर तुटलीय, जवळपास शून्य दाखवलं तर शॉर्ट. मोजताना वायर हलवत राहा, काही तुटक्या वायरी हलवल्यावरच बोलतात.

अलाइनमेंटनंतर दिवा लागला असेल तर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य हललेला असू शकतो, तो परत शिकवावा लागतो.

एक गोष्ट मात्र दिवा कधीच सांगत नाही. डावा-उजवा किंवा पुढचा-मागचा कनेक्टर अदलाबदल झाला तर चारही कॉइल ठणठणीत दिसतात, कोड येत नाही, आणि गाडी मात्र विचित्र चालते, ब्रेक दाबला की मागचे कडक. म्हणून कंट्रोलरवरून एकेक चॅनेल वेगळा चालवून बघता येत असेल तर बघाच. दिवा लागलेला असताना सिस्टीम डँपरना एका ठरलेल्या अवस्थेत सोडून देते, कुठल्यात कडक, कुठल्यात मधलं, मॅग्नेटिकमध्ये करंट नाही म्हणजे मऊ, तेव्हा घरी आणण्यापुरती गाडी सावकाश चालवता येते.

प्रश्न: काका, हे आणि फॉर्म्युला वनचं ॲक्टिव्ह सस्पेन्शन एकच ना? मित्राशी पैज लागलीय.

उत्तर: पैज हरलास बाळा. डँपर फक्त हालचालीला विरोध करू शकतो, स्वतःहून चाक वर ओढू शकत नाही की खाली ढकलू शकत नाही, मग त्यात कितीही इलेक्ट्रॉनिक्स भरा. ॲक्टिव्हमध्ये हायड्रॉलिक ॲक्च्युएटर बाहेरून शक्ती घालतात. लोटसने १९८७ ला मोनॅकोची शर्यत ॲक्टिव्ह गाडीने जिंकली, आयर्टन सेना होता स्टेअरिंगवर, १९९२ ला विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बीने तर सीझनच खाऊन टाकला, नायजेल मॅन्सेल चॅम्पियन झाला, आणि १९९४ पासून त्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत विजेने बदलणारे डँपर त्याच सुमाराचे, टोयोटाच्या सोअररमध्ये १९८३ लाच टेम्स नावाने होते, पोर्शेच्या ९५९ मध्ये होते. मॅग्नेटिकवाले आले २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये, म्हणजे आरामाच्या गाडीत आधी, आणि मग कॉर्व्हेटमध्ये. स्पोर्ट्स कारवाल्यांनी तेवढं नाक खाली ठेवावं.

प्रश्न: कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक डँपर गळायला लागलेत. साधे टाकून मोकळं होऊ का?

उत्तर: आधी खरंच गळतायत का बघा, रॉडजवळ तेलाचा हलका ओलसरपणा चालतो, नळीवरून ओघळ उतरत असेल तर गेला. साधे टाकता येतात, पण ईसीयूला कॉइल दिसली नाही की दिवा कायमचा, त्यासाठी खोटा लोड दाखवणारं मॉड्यूल लागतं किंवा कोडिंगमधून (ईसीयूची सेटिंग बदलून) सिस्टीम बंद करावी लागते. मला ते मॉड्यूल आवडत नाही, अजून चार कनेक्टर वाढतात. कोडिंग होत असेल तर कोडिंग. आणि एक गळाला तरी त्या एक्सलचे दोन्ही बदला.

प्रश्न: ट्रॅकवर सगळं फुल हार्ड करून गेलो. गाडी एकदम रेसकारसारखी वाटली, पण लॅप टाइम आधीपेक्षा वाईट! आणि खडबडीत वळणावर मागचं टोक नाचतं. सेटिंग चुकलं की किट?

उत्तर: सेटिंग. कडक म्हणजे वेगवान असं पाठीच्या कण्याला वाटतं, टायरला वाटत नाही. टायरला रस्त्यावर सारखा, न तुटणारा दाब हवा असतो. उंचवटा आला, चाक वर गेलं, आता स्प्रिंगने ते चटकन खाली ढकलायला पाहिजे, पण तुमचा रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) इतका कडक की चाक परत खाली यायच्या आतच पुढचा उंचवटा हजर. ओळीने चार-पाच उंचवटे असले की गाडी दर वेळी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. तिथे स्प्रिंग संपते, रबराचा गोळा उरतो आणि मागचं टोक नाचतं. तुम्ही जे सांगताय ते अगदी हेच आहे.

लक्षात घ्या, शॉकअपच्या भाषेत लो-स्पीड, हाय-स्पीड म्हणजे पिस्टनचा वेग, गाडीचा नाही. ताशी दोनशेने गुळगुळीत वळण घेताना पिस्टन रांगत असतो, आणि ताशी तीसने खड्ड्यात गेलात की तो सुसाट. वळणात शिरतानाचा, ब्रेकचा सगळा खेळ त्या सावकाश भागात. ज्या किटमध्ये एकच आकडा वर-खाली होतो त्यात हे दोन्ही भाग बरेचदा एकत्रच कडक होतात, म्हणून फुल हार्ड हे बहुधा कुठल्याच ट्रॅकचं उत्तर नसतं.

मऊपासून सुरुवात करा. दोन-तीन लॅप, मग चारही एक पायरी कडक, पुन्हा लॅप. एका टप्प्यावर गाडी उंचवट्यांवर टायर सोडायला लागेल, तिथून एक पायरी मागे या. त्यानंतरच पुढचे-मागचे वेगळे हलवा, आणि एका वेळी एकच. पुढचे जास्त कडक केले तर वळणात शिरताना गाडीचं नाक बाहेर पळायला लागतं, मागचे जास्त कडक केले तर शेपूट जागी होते, ढोबळ नियम आहे पण सुरुवातीला पुरतो. प्रत्येक वेळी वहीत लिहा, टायरचा दाबसुद्धा, कारण टायर तापून दाब वाढला की तुम्हाला वाटेल डँपर बदलला. आणि ऑटो मोड असेल तर अहंकार बाजूला ठेवून एकदा त्यावर लॅप मारून बघा. माझ्यापेक्षा तो वेगवान निघाला होता, दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही.

प्रश्न: जुने कारखान्याचे शॉकअप निघालेत, चांगले आहेत. ठेवू की देऊन टाकू?

उत्तर: ठेवा, गाडी विकताना लागतील. कनेक्टरच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधा, बोल्ट-नट त्याच पिशवीत, डावा-उजवा लिहून. आणि उभे ठेवा. ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला शॉकअप) आडवा पडून राहिला की गॅस आतल्या नळीतल्या तेलात शिरतो, मग परत बसवताना पहिले काही झटके पोकळ लागतात आणि लोकांना वाटतं खराब झाला. तसं झालंच तर बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबा-ओढा, हवा वर निघून जाते.